मेडिकलचा कागद

मालवण,
५ जानेवारी २०२५

ती. आक्कास,

हरीचा साष्टांग नमस्कार.

परवा फोन केला तेव्हा तू तीनदा "काय म्हणालास?" विचारलंस आणि शेवटी शेजारच्या सावित्रीकाकीच्या हातात फोन देऊन मोकळी झालीस. कानातलं मशीन डब्यात ठेवून कानाला ऐकू येत नाही. ते लावायचं असतं. असो. पत्राची सवय तुझ्यामुळे राहिली आहे, आणि खरं सांगायचं तर मला ती आवडते.

माझी तब्येत उत्तम. साखर निघाली त्याला आता सहा महिने होतील. रोज सकाळी दांडीच्या किनाऱ्यावर तासभर चालतो. गेल्या दोन महिन्यांत आठ किलो उतरलो. गणपतीला शिवलेली पँट आता दोरीने बांधावी लागते, त्यावरून शर्मिला हसते. पर्यटकांची गाडी घेऊन गेलं की हॉटेलवाले ड्रायव्हरला फुकट ताट लावतात. तेलात तरंगणारी मिसळ, वडे, चहात तीन चमचे साखर. वीस वर्षं मी ते बिनबोभाट ओढलं. आता ते बंद.

फेब्रुवारीत परवान्याचं नूतनीकरण आहे. आमच्या वयाला त्यासाठी डॉक्टरच्या सहीचा मेडिकलचा कागद लागतो. डॉक्टरने रिपोर्ट बघून तोंडात बोट घातलं पाहिजे, अशी साखर आणून दाखवतो की नाही बघ.

तुमच्या बचत गटाची ट्रिप २५ तारखेला नक्की. अकरा बायका आणि तू. सकाळी सहाला वालावलात देवळासमोर गाडी लावतो. फोंडा घाटाने वर चढू, जोतिबा, अंबाबाई, दुसऱ्या दिवशी नरसोबाची वाडी. तुझी जागा पुढे, माझ्या बाजूला.

बाकी क्षेम. रागावलीस तरी लिहीत राहा.

तुझा,
हरी

*

वालावल,
९ जानेवारी

चि. हरीस,

अनेक आशीर्वाद. शर्मिलालाही.

तुझं पत्र मिळालं. मशीन लावते, पण त्यात वाऱ्याचा आवाज माणसापेक्षा मोठा येतो. मी लोकांच्या तोंडाकडे बघून समजून घेते, ते बरं पडतं.

आठ किलोचं वाचून तू खूश आहेस, मी नाही. एकतीस वर्षं अंगणवाडीत मी पोरांची वजनं केली. वजन वाढलं नाही तर काळजी वाटायची, पण एकदम उतरलं तर झोप लागायची नाही. दोन महिन्यांत आठ किलो नुसतं चालून उतरत नाहीत. काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्लंस ते मला जसंच्या तसं लिहून पाठव. "सगळं बेताने" असं लिहू नकोस.

साखर असलेल्या माणसाने उपाशी राहायचं नसतं, वेळेवर खायचं असतं. सकाळी नाचणीची भाकरी नाहीतर वाटीभर उकड्या तांदळाची पेज, सोबत कुळथाची पिठी. दुपारी भात मूठभर कमी आणि बांगडा एक जास्त, पण तळलेला नको, सारातला. गाडीवर जाताना घरून डबा न्यायचा. गोळी घेतली की त्यावर खाणं झालंच पाहिजे. गोळी पोटात नुसती पडली तर ती तुलाच खाईल.

आमच्या बायका आत्तापासून ट्रिपचे लाडू वळतायत. सावित्रीकाकीने नवीन चप्पल घेतली आणि ती घरात घालून फिरते आहे.

उत्तराची वाट बघते. माया आहे म्हणून टोचून लिहिते.

तुझी,
आक्का

*

मालवण,
१५ जानेवारी

ती. वन्संना,

शर्मिलाचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी तुम्हाला वेगळं पत्र कधी लिहीत नाही. हे लिहिलेलं ह्यांना माहीत नाही, आणि कळू नये ही विनंती.

तुम्ही विचारलंत ते ह्यांनी लिहून पाठवलं नसणार. मी लिहिते. सकाळी कोरा चहा. दुपारी एक काकडी, कधी ताक. संध्याकाळी अर्धी भाकरी, तीही मी समोर बसले तर. गोळी सकाळी एक आणि रात्री एक सांगितली आहे. वीस दिवसांचं पाकीट दहा दिवसांत संपायला लागलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे दोन-दोन घेतात. मेडिकलच्या आधी साखर खाली आणायची म्हणतात. मी बोलले तर म्हणाले, सही मिळाली की पोटभर जेवेन, एक महिना कळ काढ.

काल संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन अंगणात गेले. हे गाडी धूत होते. पाइप चालू, पाणी पायांवरून वाहतंय, आणि हे नुसते उभे. हाक मारली तर बघितलं, पण ओळखल्यासारखं नाही. शर्ट घामाने भिजलेला. हात धरून पायरीवर बसवलं आणि साखरेचं पाणी पाजलं. पंधरा मिनिटांनी माणसात आले. पहिला शब्द बोलले तो हा: "ह्यां आक्काक कळाक नको."

वन्सं, घर त्या गाडीवर चालतं, हे मलाही कळतं. पण त्या दिवशी गाडी अंगणात उभी होती. रस्त्यावर असती तर? आणि आता तुम्ही बारा जणी त्यात बसणार. काय करावं मला सुचत नाही. तुमचं ते ऐकतात.

तुमच्या आशीर्वादाचा आधार आहे.

तुमची,
शर्मिला

*

वालावल,
१८ जानेवारी

चि. हरीस,

आशीर्वाद.

मी मागितलेलं उत्तर आलं नाही, म्हणजे ते लिहिण्यासारखं नाही असं मी धरते. फोनवर हे सावित्रीकाकीच्या तोंडून ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून पुन्हा कागदच.

२५ तारखेच्या आधी तू तुझ्या डॉक्टरकडे जा. किती खातोस, गोळ्या किती घेतोस, चक्कर येते का, सगळं खरं सांग. ते चालवायला हो म्हणाले तरच गाडी घेऊन ये. नाहीतर तुझ्या हाताखालच्या मंगेशला चालवायला पाठव आणि तू बाजूला बस. त्यात कमीपणा नाही. तुला जमत नसेल तर ट्रिप रद्द केल्याचं मी गटात सांगते, कारण तुझं नाव न घेता सांगते.

आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. तेव्हापासून मी तुझ्याशी खोटं बोललेले नाही. तूही बोलू नकोस.

लगेच कळव.

आक्का

*

मालवण,
२१ जानेवारी

ती. आक्कास,

सा. नमस्कार.

पत्र एसटीच्या कंडक्टरकडे देतो आहे, म्हणजे आजच पोचेल.

डॉक्टरकडे जाऊन आलो. सगळं सांगितलं. ते म्हणाले काही हरकत नाही, खुशाल गाडी चालवा. आता तुझं समाधान व्हावं.

आक्का, मला वाईट वाटलं. सत्तावीस वर्षं गाडी चालवतो आहे, एक ओरखडा नाही. मंगेश चांगला पोरगा आहे, पण त्याला मी शिकवलं. त्याच्या बाजूला मी बसलो तर स्टँडवर काय बोलतील? हरीला दिसत नाही, हरीला झेपत नाही. आणि सख्ख्या बहिणीने ट्रिप रद्द केली हे कळायला दोन दिवस पुरतात.

शनिवारी सहा वाजता येतो. तयार राहा.

हरी

*

मालवण,
३० जानेवारी

ती. आक्कास,

सा. नमस्कार.

काल दवाखान्यातून घरी आलो. हात अजून हलका वाटतो, अक्षर वाकडं येतं आहे.

मला फोंड्याची चहाची टपरी आठवते. तिथे तुम्ही बायका उतरलात, सावित्रीकाकीने लाडवाचा डबा उघडला. त्यानंतर एकदम पांढरं छत आणि हाताला सुई. मधलं काही नाही. शर्मिलाला विचारलं तर ती रडते आणि उठून जाते. मंगेश म्हणतो, गाडी ठीक आहे, बाकी मला माहीत नाही. तो गाडी आणायला गेला होता, त्याने काहीतरी बघितलं आहे.

कोणाला लागलं का? एवढं तरी सांग. काय झालं ते सगळं लिही. तू माझ्याशी खोटं बोलत नाहीस असं लिहिलं होतंस.

हरी

*

वालावल,
३ फेब्रुवारी

चि. हरीस,

अनेक आशीर्वाद.

आधी हे वाच: कोणाला काही लागलेलं नाही. आता बाकीचं सांगते, सगळं.

फोंड्याला मी तुला डबा दिला होता. नाचणीची भाकरी आणि सुक्या बांगड्याची चटणी. तू घरून खाऊन आलो म्हणालास, डबा घेऊन गाडीत जाऊन बसलास. मला वाटलं खाल्लास. तो डबा मंगेशला तुझ्या सीटखाली भरलेला सापडला.

घाट लागला. मागे बायका गाणी म्हणत होत्या. मला ती नीट ऐकू येत नव्हती, म्हणून मी तुझ्याकडे बघत होते. तू गाणं गुणगुणतो आहेस असं वाटलं, कारण ओठ हलत होते. मग लक्षात आलं की ते ओठ कुठल्याच शब्दाचे नाहीत. तुझ्या कानामागून घामाची धार चालली होती आणि खिडकीतून गार वारा येत होता. गाडी हळूहळू डावीकडे जात होती. डावीकडे कठडा, आणि कठड्यापलीकडे झाडांचे शेंडे.

मी तुझ्या खांद्याला हात लावला. तू वळून माझ्याकडे बघितलंस आणि विचारलंस, "तू कोण गो?"

ते मी तुझ्या ओठांवरून वाचलं. दोनदा वाचावं लागलं नाही.

मागच्यांना ओरडले असते तर गोंधळ झाला असता. तू लहान असताना तळ्याच्या काठावर खूप पुढे गेलास की मी ज्या आवाजात बोलायचे, त्या आवाजात बोलले. "हरी, गाडी हंयसरच उभी कर." तू पाय उचललास. गाडी गचके खात थांबली आणि लगेच मागे सरकायला लागली. मी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. तो अर्धाच लागला. तोवर सावित्रीकाकीला कळलं. ती दार उघडून उतरली, तिच्यामागून आणखी तिघी, आणि त्यांनी रस्त्याकडेचे दगड उचलून मागच्या चाकांखाली घातले. शेताचे बांध घालणाऱ्या बायका त्या, दगड कसा लावायचा हे त्यांना सांगावं लागत नाही. गाडी थांबली तेव्हा मागचं चाक आणि कठडा यांत माझी वीत बसली असती, दुसरी नाही.

मी पिशवीत साखर आणि पाण्याची बाटली ठेवली होती. तू अजून गिळत होतास, म्हणून थोडं थोडं पाजलं. खालून चढणाऱ्या एका ट्रकवाल्याने ट्रक आडवा लावून रस्ता अडवला, आणि त्याच्याबरोबरच्या माणसाने तुझी गाडी वळवून आपल्याला सगळ्यांना खाली दवाखान्यात नेलं. कोणी तुला नावं ठेवली नाहीत. सावित्रीकाकी तुझं कपाळ पदराने पुसत होती.

आता माझं सांगते. साखर पिशवीत का होती? कारण तुझ्या गोळ्यांचं आणि संक्रांतीच्या दिवसाचं मला १७ तारखेलाच कळलं होतं. शर्मिलाने लिहिलं होतं, आणि हे तुला सांगायची परवानगी मी तिच्याकडून घेतली आहे. तिच्यावर रागावलास तर माझ्या दारात येऊ नकोस. मला माहीत होतं, तरी तुझ्या एका ओळीवर मी विश्वास ठेवला. ठेवला असंही नाही. तुझं मन मोडायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून विश्वास ठेवल्यासारखं केलं आणि साखर बांधून घेतली. अकरा घरच्या बायका मी त्या गाडीत बसवल्या. तू गोळ्या घेतल्यास, पण त्यांना गाडीत चढवलं मी. हे मी गटाच्या बैठकीत उभी राहून सांगितलं. दोघी अजून माझ्याशी बोलत नाहीत, आणि ते बरोबर आहे.

तू डॉक्टरकडे गेला होतास का, हे मी विचारत नाही. तुझं तू जाण.

वेळेवर जेव. माझा जीव तुझ्यात आहे, तो टांगून ठेवू नकोस.

आक्का

*

मालवण,
२४ फेब्रुवारी

ती. आक्कास,

हरीचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र तीन आठवडे खिशात घेऊन फिरलो. उत्तर लिहायला बसायचो आणि उठायचो.

मी डॉक्टरकडे गेलो नव्हतो. दवाखान्याच्या समोरच्या पिंपळाखाली गाडी लावली, अर्धा तास बसलो आणि परत आलो. २१ तारखेचं पत्र तिथे बसूनच लिहिलं.

"तू कोण गो" हे मी बोललो हे मला आठवत नाही. पण दिवसातून चार वेळा ऐकू येतं.

दवाखान्यातून सोडलं तेव्हा रक्त तपासलं होतं. रिपोर्ट चांगला आला, आक्का. मला हवा होता तसाच. तो घेऊन आज मेडिकलला गेलो. डॉक्टर म्हातारे, मला ओळखणारे. त्यांनी रिपोर्ट बघून मान डोलावली आणि सहीसाठी पेन काढलं. त्याआधी एक फॉर्म आपला आपण भरायचा असतो. त्यात एक प्रश्न आहे, चक्कर येणे किंवा शुद्ध हरपणे असा काही त्रास आहे काय. समोर हो किंवा नाही. गेल्या खेपेला मी न वाचता भरला होता. आज वाचला. मागे माणसं रांगेत उभी होती. मी "होय" लिहिलं.

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. कधी, म्हणून विचारलं. मी घाट सांगितला, अंगणातलं सांगितलं, दोन-दोन गोळ्या, काकडी, सगळं. त्यांनी ते सगळं कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाले, रिपोर्टमध्ये साखर दिसते, उपास दिसत नाही. सही केली नाही. गोळी बदलून दिली. तीन महिने तीन वेळचं जेवण आणि मध्ये दोनदा थोडं खाणं, रोज लिहून ठेवायचं, मग या म्हणाले. तेव्हाही सही मिळेल असं सांगत नाही म्हणाले.

गाडी मंगेश चालवतो. आज पहिल्यांदा त्याच्या बाजूला बसून घरी आलो. स्टँडवर दोघा-तिघांनी विचारलं. मी साखरेमुळे बंद आहे असं सांगितलं. त्यातल्या एकाने मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं की तुला घाम कसा यायचा, सुरुवातीला काय वाटायचं. तोही ड्रायव्हरच आहे. मी त्याला उद्या डॉक्टरकडे नेतो आहे.

घरी आल्यावर बिनसहीचा कागद शर्मिलापुढे ठेवला. तिने वाचला, घडी घातली आणि ताट वाढलं. पेडवे मासळीचं तिखलं, दोन भाकऱ्या, थोडा भात. मी जेवलो. ती समोर बसली नव्हती, आत काम करत होती.

येत्या रविवारी एसटीने वालावलास येतो. तुमच्या गटाची बैठक चारला असते ना? अकराही जणींना बोलाव, त्या दोघींना तर नक्की बोलाव. काय झालं ते मला माझ्या तोंडाने सांगायचं आहे. मी बोलत असताना तू माझ्या बाजूने काही बोलू नकोस. नुसती समोर बस, म्हणजे माझं बोलणं तुला दिसेल.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

तुझा,
हरी