आबांची चरबी माझ्या रक्तात

आये, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आता मी कागद घेऊन बसलेय. चौथीपातूरचं अक्षर, वाकडंतिकडं चालवून घे. आबा गेले त्या सकाळी तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस. आबा उंबऱ्यावर बसून छाती चोळत म्हणाले, "जळजळतंय." तू त्यांच्या तळहातावर ओवा-मीठ ठेवलंस, "पित्त हाय, चावा अन् जावा." ते उसाला पाणी पाजायला गेले आणि बांधावरच पडले. मी नऊ वर्षांची. पुढं लग्न झालं, लेकरं झाली, तरी भांडण झालं की मी तुला तेच ऐकवायची, "दवाखान्यात न्यायचं सोडून ओवा दिलास." एकदाच तू उलटून बोललीस, "मला काय ठावं होतं गं?" मी म्हणलं, "ठावं करून घ्यायचं." असली माझी जीभ.

यंदा साताऱ्यात तुझ्या नातवाला ॲटॅक आला. फौजेतनं पेन्शनीत आलेला, रोज पहाटे पळणारा, अंगावर मांस म्हणून न्हाई. वाचला. पण दवाखान्याच्या जिन्यात मी सुनेला धरलंच, "तेल पाजून पाजून मारत होतीस व्हय गं माझ्या पोराला?" चार माणसं बघत होती. ती डबा घट्ट धरून उभी राहिली.

मग डॉक्टरीणबाईंनी त्याचं रक्त तपासलं. म्हणाल्या, ह्याच्या रक्तात एक चरबी लई आहे, लायपोप्रोटीन-ए. ती जास्त असली की काळजाच्या नळ्या चोंदतात. आईकडनं नाहीतर बापाकडनं जन्मताच येते, तेलातुपाशी तिचं देणंघेणं नाही. मी लगेच म्हणलं, "आमच्यात असलं काय न्हाई. त्याच्या बापाकडचं असंल." नवरा माझा वारलेला, तो काय सांगायला येतोय! तवा सून पहिल्यांदा बोलली, "मग आत्या, तुमी पण तपासा की."

तिचं तोंड बंद करायला मी सांगलीला जाऊन रक्त दिलं. माझा आकडा पोराच्याही वर निघाला. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "आजी, घरात कोण लवकर गेलंय का?" मी आबांचं सांगितलं, ओव्याचंही सांगितलं. ते म्हणाले, "तेव्हा त्या गावात दुसरं कोण काय करणार होतं?" एवढंच. रिपोर्टाच्या कागदाची घडी करून एसटीत बसले, शिराळ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत आले. शेजारची बाई विचारत होती, कुठं उतरणार. मी तिला तिकीटच दाखवलं.

आता घरात मी एकटी. आवाज असावा म्हणून टीव्ही लावून ठेवते. पोराचा फोन येतो, तब्येत विचारतो, ठेवतो. पूर्वी सून तासभर बोलायची, माझे टोमणे खाऊनसुद्धा हसायची. आता मागनं एवढंच विचारते, "आत्या, रिपोर्ट आला का?"

तुझ्यापुढं कबूल करायला सोपं जातंय, तू काय आता ऐकणार न्हाईस. काल तिनं तिसऱ्यांदा विचारलं. मी म्हणलं, "न्हाई गं, अजून आला न्हाई."