घड्याळातली पंधरा मिनिटं

लिस्बन, १२ ऑक्टोबर

प्रिय दुआर्त,

मोठ्या बहिणीने आधी आशीर्वाद द्यावेत अशी रीत आहे, म्हणून देते. आज ते जड जातंय. आई बरी आहे. जिने चढते, माझ्यावर ओरडते.

दाराखालून सरकवलेली तुझी चिठ्ठी वाचली. विमानाने आलास, दार बंद, तासभर जिन्यात बसलास, आम्हाला तुझी किंमत नाही. किमतीचं तू बोलतोस? माद्रिदला राहायला गेलास तेव्हा आईसमोर तिकीट नाचवत म्हणाला होतास, "साडेआठला निघतो, पावणेनऊला इथे. पंधरा मिनिटं, आई. तुला बाजारातून यायला जास्त वेळ लागतो."

तिने ते खरं धरलं. माद्रिदचं घड्याळ तासभर पुढे असतं, विमान सव्वा तास उडतं, हे मी तिला शंभरदा सांगितलं. तिचं आपलं एकच, पोरगा पंधरा मिनिटांवर आहे. मधले पाचशे किलोमीटर तिने कधी जमेस धरलेच नाहीत. मग पंधरा मिनिटांवरचा मुलगा वर्षवर्ष का येत नाही, याचं उत्तर मी द्यायचं.

तू फोनवर "रविवारी येतो" म्हणालास की ती शुक्रवारी खारवलेला कॉड भिजत घालते. दोन दिवस पाणी बदलत राहते. शनिवारी तुझा निरोप येतो, काम निघालं. भिजलेला मासा ठेवून थोडाच देता येतो? आम्ही दोघी तो सोमवारपर्यंत खातो. मला आता त्याच्या वासानेही मळमळतं.

तुझ्या बेगोन्याला मी दोष देत नाही. "स्पेनहून ना वारा चांगला येतो, ना सोयरीक," असं आई तुझ्या लग्नात म्हणाली होती खरी. पण दर रविवारी आईला फोन तुझी बायकोच करते, आणि तू मागून "माझाही नमस्कार सांग" म्हणतोस.

आता ऐक. तू जिन्यात बसलास त्या रविवारी येतोस, असा निरोप मला आला होता. तो मी आईला सांगितलाच नाही. म्हटलं, हा काही येत नाही, कशाला तिला खिडकीत बसवायचं? तिला फेरीबोटीने नदीपलीकडे सार्डिन खायला घेऊन गेले. बोट धक्क्याला लागली तरी ती विचारत होती, "किनारा दिसायला लागला का गं?"

घरी आल्यावर चिठ्ठी तिच्याच पायाखाली आली. तुझं अक्षर डोळ्यांजवळ धरून तिने मला विचारलं, "विजेचं बिल आहे का?" मी हो म्हटलं.

तिने शपथ घातली होती, तरी सांगते. आईचे डोळे चाललेत. नाताळपर्यंत उजेड-अंधार तेवढा कळेल, असं डॉक्टर म्हणतात. त्या दिवशी जवळ बसला असतास तर तुझा चेहरा तिला दिसला असता. ती संधी मी हुकवली. म्हणून यातला निम्मा राग माझा माझ्यावरच आहे. उरलेला तुझा, तो तू घे.

परतीला घड्याळात सव्वादोन तास जातात, हे तू तिला कधीच सांगितलं नाहीस. आलास तेव्हा मिळालेला तास जाताना आईला न बघताच भरलास ना?

येत्या रविवारी ये. तिला काही सांगणार नाही. मासा मी भिजवते, दार उघडं ठेवते. सकाळीच पोच, खिडकीत ऊन असतं तोवर. नाताळनंतर आलास तर ती तुला आवाजावरून ओळखेल. आवाज तर तिला फोनवरही ऐकू येतो.

तुझ्यावर चिडलेली, तरी दाराशी उभी,
ओतीलिया