डावीकडून दुसरं

१८ नोव्हेंबर, बामणोली

आज वाईट झालं. लिहून काढतो, नाहीतर डोक्यात फिरत राहील.

बोट नेहमीसारखी पलीकडच्या वाडीसमोर उभी केली होती. पुण्याची सहा माणसं टेकडीवर फिरायला गेली, मी त्यांच्याबरोबर. बोटीवर एकटी शांताबाई, स्वयंपाकाला. तिला फळीखाली पाणी साचलेलं दिसलं. मीच सांगून ठेवलंय, असं पाणी दिसलं की दुसरं बटण दाबायचं, पंप ते बाहेर टाकतो. तिने दाबलं संडासाच्या टाकीचं. ती टाकी धक्क्याला आल्यावर, नळी जोडून, मैल्याच्या गाडीत रिकामी करायची असते. नळी नव्हती. सगळं तलावात.

वास आल्यावर तिने बंद केलं. तोवर टाकी अर्धी झालेली. वारा वाडीकडे होता. काठाला बायका हंडे भरत होत्या, आणि वाडीच्या नळाची विहीर पण तिथंच.

शांताबाईचं सासर तीच वाडी.

१९ नोव्हें.

मालक साताऱ्याहून आले. विलासराव तसे वाईट नाहीत, पण घाबरले होते. कुणी दाबलं विचारलं. शांताबाई म्हणाली, मी. उद्यापासून येऊ नको म्हणाले.

मी हातभर अंतरावर उभा. बटणांची ओळ मी बसवलेली. चार बटणं, चारही काळी, एकावरही नाव नाही. आणि टाकीचा बाहेरचा कॉक गेल्या खेपेला रिकामी केल्यावर बंद करायला मीच विसरलो. तो बंद असता तर पंप नुसता घरघरला असता, थेंब बाहेर गेला नसता. हे सगळं जिभेवर आलं होतं.

बोललो नाही. ती डबा उचलून उतरली.

२० नोव्हें.

कॉक बंद केला. दोनदा बघितला. आता काय उपयोग.

मालकांनी वाडीत पाण्याच्या बाटल्यांचे खोके पाठवले. गिऱ्हाईक नाही, बोट धक्क्यालाच.

२१ नोव्हें.

इस्लामपूरला घरी फोन. बायकोला, सुमनला, सगळं सांगितलं, कॉकचं पण. तिने विचारलं, "मालक तिला बोलत व्हते तवा तुमी काय म्हणाला?" काही नाही म्हटलं. मग म्हणाली, "पलटणीत आसं वागला आसता का?"

पलटणीत बावीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या. एकदाही दुसऱ्याच्या नावावर चूक टाकली नाही. तिला ते माहीत आहे म्हणूनच विचारलं.

२२ नोव्हें.

शांताबाईच्या सासूला जुलाब. मेढ्याला दवाखान्यात नेलं. पाण्यानेच झालं का, डॉक्टर म्हणतात सांगता येत नाही. वाडीने मात्र ठरवून टाकलंय. पाणवठ्यावर शांताबाईशी कोणी बोलत नाही, असं दूधवाला सांगत होता.

मालकांना फोन करून कॉकचं, बटणांचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मेजर, आता कशाला काढताय? वाडीला एक नाव मिळालंय, तेवढ्यावर मिटतंय." मग त्यांनाच ते बरं वाटलं नसावं. बघा तुमचं तुम्ही, म्हणाले.

उद्या जातो.

२३ नोव्हें.

गेलो. देवळासमोर पंधरा-वीस माणसं. सखारामतात्या पुढे, वाडीच्या नळाचं सगळं तेच बघतात. उभं राहून सांगितलं. कॉक मी उघडा ठेवला, बटणं मी तशी बसवली, बाईचा दोष नाही.

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. तात्या म्हणाले, "तुमची चूक तुमी सांगितली, ब्येस झालं. आता आमी पाणी कुठलं प्यायचं ते सांगा."

चहा दिला. बाटलीतल्या पाण्याचा, माझ्यासमोर बाटलीचं सील फोडून केलेला.

शांताबाई मागे खांबाला टेकून होती. निघताना जवळ आली. "भाऊ, तुमी मला दुसरं बटण म्हणाला व्हता. डावीकडनं का उजवीकडनं, ते न्हाई सांगितलं. मी सैपाकाच्या बाजूनं आले. माझं दुसरं ते."

पाच दिवस मी धरून चाललो होतो की तिने चुकीचं बटण दाबलं. मी तिचा दोष नाही म्हणत होतो, ते पण मोठेपणा केल्यासारखं. तिने सांगितलेलंच केलं होतं.

२४ नोव्हें.

सासूबाईंना घरी आणलं. अशक्त आहेत, पण पेज घेतली म्हणे. विहिरीचं पाणी तपासायला गेलंय. रिपोर्ट नाही.

२६ नोव्हें.

दोन दिवस कामच. साताऱ्याहून सामान आणलं. टाकीचं बटण ओळीतून काढलंच. इंजिनाजवळ वेगळ्या डबीत घेतलं, वर लाल झाकण, आणि ते किल्लीशिवाय चालत नाही. कॉकला साखळी, कुलूप. बाहेरच्या तोंडाला आट्यांचं टोपण. उरलेल्या तीन बटणांवर रंगाने मोठी अक्षरं: दिवे, साचलेलं पाणी, भोंगा. अक्षर वाकडं आलंय. वाचता येतं.

हे सगळं पहिल्या दिवशी करायला एक दुपार लागली असती.

२७ नोव्हें.

तात्यांना बोटीवर आणून दाखवलं. हात लावून एकेक बघितलं. मग म्हणाले, दोन्ही किल्ल्या वाडीत राहतील.

मालक फोनवर तापले. "बोट माझी आणि किल्ली त्यांची?" मी म्हटलं, धक्क्याला आल्याशिवाय ती लागतच नाही. आणि किल्ली बोटीवर राहणार असेल तर मी राहणार नाही. हे म्हणायचं ठरवलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्यांचा फोन नाही.

२८ नोव्हें.

मालकांचा निरोप: द्या किल्ल्या. शांताबाईला परत बोलवा, हे पण.

किल्ल्या तात्यांकडे दिल्या. शांताबाईला परत बोलावलंय तेही सांगितलं. तात्या म्हणाले, तिचं तिलाच विचारा. ती घरी नव्हती.

४ डिसें.

गिऱ्हाईक परत यायला लागलंय. टाकी भरली. मैल्याची गाडी धक्क्याला उभी. वाडीत कळवलं होतं, तात्या येतील वाटलं. होडीतून शांताबाई उतरली, किल्ल्या कनवटीला.

नळी मी जोडली. कॉकचं कुलूप तिने काढलं, नळी स्वतः ओढून बघितली. मग लाल झाकण उचलून किल्ली फिरवली. पंप चालू होता तेवढा वेळ ती पलीकडच्या बाजूने पाण्याकडे बघत होती. मी पण. पाणी स्वच्छ होतं.

बंद करून कुलूप लावलं. कामावर कधी येणार, विचारलं. ते बाजूलाच ठेवून म्हणाली, "आत्याबाई आजून त्या विहिरीचं पाणी तोंडाला लावत न्हाईत. रिपोट आला का?"

नाही आला म्हटलं.

"आला की मला आदी सांगा. मग बगू." किल्ल्या परत कनवटीला खोचून होडीत बसली.

रिपोर्टसाठी उद्या सकाळी साताऱ्याला जातो.