सळयांखालची बोटभर जागा

धुळे, १२ मार्च १९९१

उद्या वरच्या खोलीचा स्लॅब. संध्याकाळी बघायला चढले, तर सळया थेट फळ्यांवर टेकलेल्या. गवंडी भिका नानांना म्हटलं, खाली बोटभर जागा ठेवा, आगीपासून सळई झाकलेली हवी. ते हसले. "सिमेटले कोठे आग लागस, अक्का?"

आमचे हेही असंच म्हणायचे, इतकी वर्षं बंबावर काढूनही. जिनिंगच्या गोदामातली आग विझली म्हणून पाइप गुंडाळायला आत गेले आणि स्लॅब अंगावर आला. विझली होती, मग पडला कसा? उत्तर पुढे वाचनालयातल्या पुस्तकात सापडलं. काँक्रीट जळत नाही, पण तापून त्याचे पापुद्रे सुटतात, आणि उघडी पडलेली सळई मऊ होते.

नानांना हे सांगितलं. ते म्हणाले, "एक चूल तुमनी, अक्का. कोनासाठे इतलं?"

कोणासाठी? उद्या इथे आग लागलीच, तर विझवून झाल्यावर कोणाचा तरी नवरा पाइप गुंडाळायला आत येईल.

नानांनी दिवे लागेपर्यंत सळयांखाली सिमेंटचे तुकडे सरकवले. मी बोट घालून बघत गेले. कोपऱ्यात एका ठिकाणी अजून बोट जात नाही. सकाळी माल ओतण्याआधी त्यांना परत वर पाठवीन.