केझायाशेजारची रिकामी जागा

प्रति,
मा. व्हिकर साहेब,
सेंट पेट्रॉक चर्च, निदरकूम, डेव्हन.

विषय : चर्चच्या दफनभूमीतील एक जागा अर्जदाराच्या नावे करून मिळणेबाबत.

संदर्भ : गेल्या रविवारी चर्चच्या दारात आपल्याशी झालेले व पावसामुळे अर्धवट राहिलेले बोलणे.

महोदय,

मी, थर्झा पेनी, गाड्यांची चाके करणारे सुतार श्री. एनॉक पेनी यांची दुसरी पत्नी, विनंतीपूर्वक कळविते की, यजमानांची पहिली पत्नी कै. केझाया दक्षिणेच्या भिंतीलगत विसावली आहे. प्रार्थना आटोपताच यजमान दर रविवारी तिच्या कबरीवर फुले ठेवून तिथेच उभे राहतात. मी फाटकापाशी ताटकळते आणि बेकरच्या भट्टीत भाजायला दिलेले आमचे मटण करपते. शेजारीण मिसेस टॉझर सर्वांदेखत विचारते, "काय गं थर्झा, सवतीकडे गेलेत वाटतं?"

सवत जिवंत असती तर भांडून मोकळी झाले असते. ही उलट बोलत नाही, म्हातारी होत नाही, आणि यजमानांच्या बोलण्यात तिचा केक आमच्या घरात अजूनही फुगतो. माझा मात्र बसतो.

दफनभूमीत मेंढ्या सोडाव्यात अशी विनंती मी इस्टरपूर्वी केली, ती गवत वाढले म्हणून नव्हे. मेंढ्यांनी कर्नलसाहेबांच्या कबरीवरची सारी फुले फस्त केली. केझायाच्या फुलांना तोंडही लावले नाही.

आता असे समजते की, तिच्याशेजारची एकुलती एक रिकामी जागा यजमानांनी स्वतःसाठी मागितली आहे. पलीकडे टॉझर घराण्याच्या कबरी आहेत. मी विचारले, "अहो, आणि मी?" म्हणाले, "तुला कुठंही चालेल गं. तू कुठं कुरकुर करतेस?" त्या दिवसापासून करीत आहे.

तरी ती जागा माझ्या नावे करावी. शेवटच्या न्यायाच्या दिवसापर्यंत मी केझायाशेजारी पडून राहीन, मला तिच्याशी बोलायचेही बरेच आहे; परंतु हे दोघे शेजारी निजणार नाहीत.

हा विचार काल यजमानांच्या कानी घातला. त्यांनी हातातला रंधा खाली ठेवला. मग म्हणाले, "मग मी कुठं जाऊ गं?"

लग्न झाल्यापासून त्यांनी मला असे काही प्रथमच विचारले. मी उत्तर दिलेले नाही. आपणही इतक्यात देऊ नये, ही विनंती.

आपल्या निर्णयाकडे डोळे लावून बसलेली,
थर्झा पेनी
निदरकूम, १३ मे १८६३