सोमवारीच का तपासतात?

शनिवार, संध्याकाळ, लोअर परळ

ह्यांनी छपाईच्या प्रेसमधून लघवीच्या तपासणीचा रिपोर्ट आणला. सगळं नॉर्मल म्हणे! मग आत्ता शेजारी बसून चहा पिताना ह्यांच्या श्वासाला शाई पुसायच्या थिनरचा वास कसा येतो? रोलर पुसलेले हात तर साबणाने दोनदा धुतलेत.

प्रज्ञाला विचारलं. फार्मसी शिकते ना पोरगी. म्हणाली, "आई, थिनर नाकातून आत जातो, कातडीतूनही जातो. थोडा श्वासावाटे परत येतो. बाकीच्याचे लिव्हर तुकडे करतं आणि ते दीडेक दिवसात लघवीतून निघून जातात."

म्हणजे रविवारच्या सुट्टीत सगळं साफ. आणि तपासणीवाला बाटल्या घेऊन येतो कधी? दर वेळी सोमवारी सकाळी, मशीन सुरू व्हायच्या आधी. हा योगायोग? मला नाही पटत. प्रेसच्या मालकानेच मुद्दाम सोमवार ठरवला असणार. सोमवारी तर श्वासाला वासही नसतो.

ह्यांना म्हटलं, आज शनिवार आहे, आत्ताच बाटली भरून द्या, मी दादरच्या लॅबमध्ये देऊन येते. तर खाली बघत म्हणाले, "नको गं. काही निघालं तर मशीनवरून काढतील."

म्हणजे ह्यांना माहीत होतं. मी मेली मालकावर संशय घेत बसले. सोमवार ह्यांनाही सोयीचाच होता.