मोरीच्या घशातले धाट

॥ श्री ॥
फैजपूर, ४ जानेवारी १९५५

रा. रा. छगनराव यांस, जीवरामचा स. न. वि. वि.

देवाच्या कृपेने सुखरूप पोचलो. तुमच्याकडचे चार दिवस मनात आहेत. माझी धाकटी बहीण ताईबाई आता पक्की पिंपळनेरची झाली. 'आहे' विसरून 'शे' म्हणते.

मोरी गाय खाऊ लागली का? तुम्ही तिची जीभ ओढून धरलीत, मी कोपरापर्यंत हात घातला, पण घशात अडकलेले ज्वारीचे धाट काही लागले नाही. लाळ मात्र फार होती. तिच्या दातांनी मनगटाला खरचटले, ते सुकले. तुमच्या अंगठ्याची विळ्याची चीर भरली असेल.

ताईबाईस आशीर्वाद. माया आहे तशी ठेवावी.

जीवराम

॥ श्री ॥
पिंपळनेर, ९ जानेवारी १९५५

ती. स्व. नाना यांस, छगनचा कृ. सा. न. वि. वि.

मोरी काल गेली. घशात धाट नव्हतेच. दिवाळीत तिला पिसाळलेले कुत्रे चावले होते, हे गुराखी सुपडू आता सांगतो. लाळेतून विष माणसात जाते, खरचटले तरी पुरते, आणि रोग उठल्यावर इलाज नाही, असे गुरांचे डॉक्टर म्हणाले. पोटातली चौदा इंजेक्शने लगेच घ्या. ताईबाई जेवलेली नाही. माझ्या घरी पाहुणे आलात आणि हे घेऊन गेलात, याची लाज वाटते.

टपालावर विसंबत नाही; मोटारीवरचा अभिमन पत्र हातोहात पोचवील.

आपल्या आशीर्वादाचा धनी,
छगन

॥ श्री ॥
जळगाव, १४ जानेवारी १९५५

रा. रा. छगनराव यांस स. न. वि. वि.

अभिमन परवाच्या आदल्या दिवशी दारात उभा राहिला. त्याचे उपकार फिटणार नाहीत. शेजारचे कौतिकभाऊ म्हणाले, सात विहिरींत डोकावून ये, उतार पडेल. मी म्हटले, देवावर भरवसा आहेच, पण त्यानेच हे पत्र धाडले आहे. लाज कसली वाटून घेता? तुमच्या घरच्या गाईला हात लावला, तुमच्याच अक्षराने वाचलो.

इथल्या इस्पितळात आज तिसरी सुई. पडल्या पडल्या आठवले, जीभ तुम्ही धरली होती आणि अंगठा चिरलेला होता. तुमच्या पत्रात स्वतःबद्दल एक शब्द नाही. गव्हाला पाणी द्यायचे राहू द्या. मिळेल त्या मोटारीने धुळ्याला जा. हेही अभिमनच्याच हाती देतो.

संक्रांतीचा तिळगूळ पुडीत घातला आहे. आज मागणे एवढेच, की तुम्ही असावे.

जीवराम

॥ श्री ॥
धुळे, १९ जानेवारी १९५५

ती. स्व. नाना यांस कृ. सा. न. वि. वि.

तुमच्या मनगटाच्या काळजीत माझा अंगठा मला दिसलाच नाही. पत्र ताईबाईने दोनदा वाचून घेतले आणि मला पाणीही पिऊ न देता मोटारीत बसवले, स्वतःही सोबत आली. आज माझी तिसरी सुई, तुमची आठवी. पोट कणकेच्या गोळ्यासारखे झाले आहे. तुमचे कसे आहे ते विचारत नाही.

तिळगुळाची पुडी ताईबाईने सोडली नाही. देवापुढे ठेवली आहे. माझी शेवटची सुई तीस तारखेला. त्या दिवशी नानांनी धुळ्याला यावे, मग तिघे मिळून खाऊ, असे ती म्हणते. नाना, आता येताना गाई-म्हशीकडे बघू नका; सरळ आमच्याकडे या.

तुमचा,
छगन